आठाची गुंडाळी

१

आमच्या घरात दोन जावई आहेत. थोरला जावई म्हणजे माझे बाबा. ते छापखान्यात काम करतात आणि घोरतात. धाकटा जावई म्हणजे आजोबांचं ऑक्सिजनचं मशीन. तो दिवसभर बोळात बसून असतो, गरम उसासे टाकतो, काहीही मागत नाही, पण घरातलं सगळं त्याच्या तालावर चालतं, आणि त्याला कुणी काही बोलायची सोय नाही. म्हणून आजोबांनीच त्याचं नाव धाकटा जावई ठेवलं.

"निदान मी मधूनमधून उठून चहा तरी करतो," बाबा म्हणतात.

"म्हणून तर तुम्ही थोरले," आजोबा म्हणतात.

आजोबा म्हणजे आईचे वडील. त्यांची फुप्फुसं कडक होत चालली आहेत. हा आजार बरा होत नाही, फक्त हळूहळू वाढतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, फुप्फुस स्पंजासारखं असतं, तुमचा स्पंज वाळलाय. आजोबांनी विचारलं, "भांडी घासायचा की अंघोळीचा?" त्या हसल्या आणि मग खाली बघून औषधं लिहायला लागल्या. त्या खाली बघायला लागल्या तेव्हा मला कळलं की उत्तर चांगलं नाही.

जावयापासून एक लांब पारदर्शक नळी निघते. ती बोळाच्या भिंतीकडेने माझ्या टेबलापाशी येते, पुढे आजोबांच्या खोलीचा उंबरा ओलांडते आणि त्यांच्या कानांमागून नाकाशी पोचते. घरभर फिरता यावं म्हणून ती मुद्दाम लांब घेतली आहे. उरलेली नळी जावयापाशी वेटोळं करून ठेवलेली असते. आजोबा कुठे आहेत हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. नळी धरून चालत जायचं, शेवटी आजोबा असतात.

आजोबा पाणबुड्या होते. मोठ्या पुलांचे पाय पाण्याखाली तपासायचे, धरणाच्या दारांत अडकलेले ओंडके काढायचे, जहाजांच्या पोटाला चिकटलेले शिंपले खरवडायचे. पाण्याखाली ओरडता येत नाही. म्हणून कमरेला दोर असतो आणि त्याचं दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात. तो दोरवाला. बोलायचं ते दोराने. एक ओढ म्हणजे 'ठीक आहेस ना?' दोन म्हणजे 'ढील दे'. चार म्हणजे 'आता वर'. आणि एकच लांब, धरून ठेवलेली ओढ म्हणजे 'थांब, काम बाकी आहे'. जी ओढ येईल तीच परत द्यायची. उत्तर देणं म्हणजे 'तू माझ्या हातात आहेस' असं सांगणं.

"आधी पाण्यात ओरडता यायचं नाही, आता हवेतही येत नाही," आजोबा एकदा मला म्हणाले. "एकूण एकच. चल, तुला दोरवाली करतो."

तेव्हापासून नळीचा एक फेरा माझ्या खुर्चीच्या हाताला घातलेला असतो. आजोबांना पाणी हवं असलं, उशी सरकली, किंवा नुसतं मी आहे ना हे बघायचं असलं, की ते त्यांच्याकडून ओढतात आणि माझी खुर्ची मला सांगते.

आजोबांच्या खऱ्या दोरवाल्याचं नाव बडबड्या. तो कधीच बोलायचा नाही म्हणून. डावरा होता, आता त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. जेवतानाही दोर पायाच्या अंगठ्याला बांधून बसायचा. मीही फारशी बोलत नाही. शाळेत हजेरीला म्हटलेलं 'उपस्थित'सुद्धा पहिल्या बाकापर्यंत पोचत नाही. आजोबा म्हणतात, "गप्प माणसंच दोर धरायला बरी. बोलकी माणसं गप्पांत खालचा माणूस विसरतात." मी त्यांची धाकटी बडबडी.

"खाली कसं असतं?" मी त्यांना खूपदा विचारायचे.

"काही दिसत नाही. कान दडपलेले असतात. आवाज सगळीकडून एकदम येतो, कुठून आला ते कळत नाही. आपण खाली आहोत हेसुद्धा कधीकधी विसरायला होतं."

"मग आठवतं कशाने?"

"दोराने," आजोबा म्हणाले.

२

आजोबांचं दुखणं आमच्याकडे वेटोळ्यावर मोजतात. असं कुणी ठरवलेलं नाही, पण सगळे येता-जाता तिकडे बघतात.

सुरुवातीला ते गॅलरीपर्यंत जायचे. तेव्हा जावयापाशी जेमतेम एखादा फेरा उरायचा. गॅलरीत बसून ते खालून जाणाऱ्या सगळ्या दुचाकीवाल्यांना नापास करायचे. मग गॅलरी सुटली आणि स्वयंपाकघर उरलं. तिथे ते कट्ट्याला टेकून आईला सांगायचे की कांदा असा नाही, असा चिरतात. आई चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचं ऐकून आलेली असायची. ती म्हणायची, "अण्णा, सुरी घ्या आणि चिरा." आजोबा म्हणायचे, "मी सल्लागार आहे, कामगार नाही." मग स्वयंपाकघरही सुटलं. आता पलंग, खिडकी आणि न्हाणीघर एवढंच राहिलं होतं, आणि जावयापाशीचं वेटोळं चांगलं मांजराएवढं झालं होतं.

"सुटलाय बघ कसा," आजोबा म्हणाले. "बसून खातो ना."

माझी शाळा सकाळची. आई-बाबा संध्याकाळी येतात. त्यामुळे दुपारभर घरात आजोबा, जावई आणि मी. मी बोळातल्या टेबलावर अभ्यास करते. आजोबा जागे असले की मला आठाची गुंडाळी शिकवतात. दोर नुसता गोल गुंडाळला तर त्याला पीळ पडतो आणि वेळेला तो अडकतो. म्हणून तो आठच्या आकड्यात टाकायचा, एक फेरा इकडे, एक फेरा तिकडे, मध्ये कंबर. आजोबांनी टाकली की ती सपाट आणि देखणी पडते. माझी एका बाजूला कलंडते.

"ही गुंडाळी नाही," आजोबा म्हणतात. "ही वाळत घातलेली चड्डी आहे."

सगळा दोर असा गोळा करणं हे दोरवाल्याचं काम. खालच्या माणसाने गुंडाळायचं नसतं. तो आणणार कुठून, दोर तर सगळा वर असतो.

३

त्या दुपारी मी भूगोल करत होते. खुर्चीचा हात हलला. एक ओढ. मी न बघताच एक ओढ परत दिली. थोड्या वेळाने दोन आल्या. ढील दे. मला आनंद झाला. म्हणजे आजोबा उठून खिडकीपाशी चालले. मी दोन परत दिल्या आणि वेटोळ्यातले काही फेरे सोडले. नळी माझ्या पायाजवळून सरकत आत गेली. सावकाश, बेताने, जशी घाई नसलेला माणूस ओढून घेईल तशी. मग थांबली.

पान संपल्यावर मी चहा घेऊन आत गेले. आजोबा झोपले होते. दोन्ही हात लहान मुलासारखे गालाखाली घेतले होते. पांघरूण आईने सकाळी खोचलं होतं तसंच होतं. नळी त्यांच्या नाकाशी होती, पण जेवढी मी सोडली तेवढी पलंगावर कुठेच नव्हती.

ती पलंगाखाली होती. आठाच्या गुंडाळीत. सपाट, देखणी, मध्ये कंबर, आणि ती सुटू नये म्हणून कमरेला एक शेवटचा वेढा.

मी चहा घेऊन तशीच उभी राहिले. झोपेत माणूस कूस बदलतो आणि नळी ओढली जाते, इथपर्यंत मला पटलं. झोपेत माणूस खाली वाकून गुंडाळी करतो हे पटेना. आजोबांना जागेपणीही वाकता येत नाही, वाकलं की दम कोंडतो. मध्येच ते मला म्हणतात, "पायांना माझा नमस्कार सांग, बऱ्याच दिवसांत भेट नाही."

ते जागे झाल्यावर मी विचारलं, "तुम्ही नळी गुंडाळलीत का?"

"कधी?"

"आत्ता."

"स्वप्नात असेल. स्वप्नात मी फार कामाचा माणूस आहे." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "दाखव बघू."

मी गुंडाळी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. तेवढ्यात आई आली. आज दुकान लवकर बंद झालं होतं. तिने दारातूनच बघितलं आणि म्हणाली, "अरे वा, जमली की पोरीला."

मी काही बोलले नाही. मी बऱ्याचदा काही बोलत नाही, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात येत नाही.

"हिने नाही केलेली," आजोबा म्हणाले. "ही उजव्या हाताची आहे. ही गुंडाळी डाव्या हाताने सुरू केली आहे." हवा बदलली आहे असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "बिस्कीट आहे का गं?"

४

मी नळी परत जावयापाशी नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर वेटोळं पुन्हा लहान झालं होतं आणि पलंगाखाली गुंडाळी. आईला वाटायचं मी सराव करते. बाबांना वाटायचं आई आवरते. कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं, कारण काम नीटनेटकं झालेलं होतं, आणि नीटनेटक्या कामाबद्दल आमच्या घरात कुणी चौकशी करत नाही.

मशीन तपासायला येणारे काका आले तेव्हा मी खूप धीर करून त्यांना विचारलं, "नळी आपोआप सरकते का?"

त्यांनी जावयाच्या पाठीचं झाकण उघडून आतली धूळ झटकली. "हवेच्या दाबाने थोडी थरथरते. सरकायला पाय लागतात, बेटा." मग आजोबांच्या खोलीकडे मान करून मोठ्याने म्हणाले, "जावयाची तब्येत ठणठणीत आहे हं."

"त्याला काय धाड भरलीय," आतून आजोबा हळूच म्हणाले. मलाच ऐकू गेलं.

मग मी आईची लाल नेलपॉलिश घेतली आणि नळीवर बरोबर उंबऱ्यापाशी एक ठिपका दिला. माझ्या खोडरबराच्या बाबतीतही मी असंच करते. कुणी नेलं तर निदान नेलं हे कळावं.

ठिपका आत जायला लागला. आधी पलंगाच्या पायापर्यंत, मग पलंगाखाली. आणि मला एक गोष्ट दिसायला लागली, जी मला दिसायला नको होती. बोटाला लावायच्या चिमट्यावर आजोबांच्या ऑक्सिजनचा आकडा रोज दिसतो. ज्या दिवशी ठिपका आत सरकलेला असायचा त्या दिवशी आकडा खाली आलेला असायचा. आजोबा त्या दिवशी अर्धा विनोद करायचे आणि उरलेला हाताने दाखवायचे.

मी स्वतःला समजावलं. आजार वाढतोय म्हणून आकडा उतरतोय, आणि नळी कशीही सरकत असेल. दोन गोष्टी एकाच वेळी होतात म्हणून एक दुसरीमुळे होते असं नाही, हे आम्हाला विज्ञानात शिकवलं आहे. मला ते पूर्ण पटलेलं होतं. तरी मी रोज ठिपका ओढून उंबऱ्यापाशी आणत होते. सगळीच्या सगळी नळी तिकडे गेली तर काय होईल, याचा विचार मी ठिपक्यापर्यंत आणून सोडून द्यायचे.

आणि रोज दुपारी खुर्चीला एक ओढ यायची. ठीक आहेस ना? मी उत्तर द्यायचे. आजोबा असले तर? उत्तर न देऊन कसं चालेल?

५

मग ती सकाळ आली जेव्हा आजोबांना विनोदच करता आला नाही. त्यांना दवाखान्यात न्यायला बाबांनी छोटा सिलिंडर काढला. त्याला दोन चाकं आहेत आणि तो मागोमाग ओढत न्यावा लागतो म्हणून त्याला आम्ही कुत्रा म्हणतो. आई, बाबा, आजोबा आणि कुत्रा टॅक्सीत बसले. दाराशी आजोबांनी मला बोटाने जवळ बोलावलं. मला वाटलं काही महत्त्वाचं सांगतील. ते म्हणाले, "जावयाकडे लक्ष ठेव. घरात एकटा आहे."

आईने जावई बंद केला आणि नाकाची नळी पलंगाजवळच्या खिळ्याला अडकवली. मला म्हणाली, "तू थांब, फोन जवळ ठेव." दार लागलं.

जावई गप्प झाल्यावर घर कसं होतं ते मी विसरले होते. इतकी शांतता होती की कानांत काहीतरी भरल्यासारखं झालं. रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला तो फरशीखालून आल्यासारखा वाटला. नळाचं पाणी ठिबकत होतं, ते स्वयंपाकघरात आहे हे मला माहीत होतं, पण ते माझ्या डोक्यामागे ठिबकत होतं. बाहेर लख्ख ऊन होतं. मी टेबलाशी बसले आणि पुस्तक उघडलं.

खुर्चीचा हात हलला. एक ओढ.

माझा हात सवयीने उठलासुद्धा. मी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

पुन्हा एक ओढ. त्यात राग नव्हता. काळजी होती, आणि त्यानेच मला जास्त भीती वाटली.

मी नळीचा फेरा खुर्चीवरून काढून टाकला आणि पाय वर घेऊन बसले. आजोबा टॅक्सीत आहेत. आई टॅक्सीत आहे. खिळा सैल असेल, नळीच्या वजनाने हलत असेल. मी हे मनात म्हणत असताना नळी माझ्यासमोर जमिनीवरून ताठ झाली. चार वेळा. प्रत्येक ओढ वेगळी, स्पष्ट, लहान मुलाला सांगावं तशी.

आता वर.

मग नळी सरकायला लागली. वेटोळ्यातला एकेक फेरा उलगडत गेला. मांजराएवढं वेटोळं उंदराएवढं झालं आणि मग नुसती सरळ नळी राहिली. तीही ताणली गेली, आणि धाकटा जावई आपल्या चाकांवर वीतभर पुढे सरकला.

मला हसू आलं. खरंच सांगते, इतकी घाबरलेली असूनही हसू आलं. बंद पडलेला जावई दोरी लावलेल्या बकरीसारखा बोळातून निघाला होता. "लक्ष ठेव," आजोबा म्हणाले होते. मी उठले आणि त्याच्या चाकांवरची खीळ पायाने दाबली. तो थांबला. मग मी नळी हातात घेतली आणि आमच्याकडे आजोबांना शोधायला जातात तशी तिच्या बाजूने चालत गेले.

दार अर्धं लोटलेलं होतं. मी बिजागरीच्या फटीतून बघितलं.

मला लोकांच्या चेहऱ्यांकडे बघायची सवय नाही. मी हातांकडे बघते, चपलांकडे बघते. शाळेत मी बाईंना त्यांच्या चपलांवरून ओळखते. ती सवय त्या दिवशी माझ्या कामी आली.

पलंगाशेजारच्या स्टुलापाशी जमिनीवर नळीचे फेरे पडत होते. एक इकडे, एक तिकडे. दर फेऱ्यानंतर जरासं थांबणं, जसं एका हातातून दुसऱ्या हातात घेताना होतं. फेऱ्यांच्या पलीकडे कॅनव्हासचे बूट होते. त्यांच्यावर खूप धूळ होती. बारीक, पांढरी, उन्हात तापलेल्या दगडी काठावर असते तशी. एका हाताची बाही कोपरापर्यंत दुमडलेली होती. त्याच्या वर मी बघितलं नाही.

तो कोरडा होता. हेच मला सारखं दिसत राहिलं. पाण्यातून आलेलं काही असतं तर मला कळलं असतं कशाला घाबरायचं. पण तो अगदी कोरडा होता, आणि गुंडाळी करत होता, आणि गुंडाळी काठावरचा माणूस करतो.

म्हणजे काठ तिकडे होता.

माझे कान दडपलेले होते. आवाज सगळीकडून येत होते. मी, बोळ, माझं टेबल, उघडं पडलेलं भूगोलाचं पुस्तक, जावई, सगळेच खाली होतो हे मला एकदम कळलं, आणि माझा श्वास मला मोठ्याने ऐकू यायला लागला.

मी दारातच उभी राहिले. मला ओरडता येत नाही, कधीच आलेलं नाही. पण नळी माझ्या हातात होती. मी ती मुठीला वेढली आणि ओढली. एकच, लांब, आणि सोडली नाही.

थांब. काम बाकी आहे.

फेरे पडायचे थांबले. दुमडलेल्या बाहीचा हात हवेत तसाच राहिला. मी डोळे मिटले आणि ओढून धरलं. हाताला कळ लागली तरी धरलं.

मग तिकडून एक छोटी ओढ आली. ठीक आहेस ना?

मी रडत होते. पण विचारलं होतं म्हणून मी उत्तर दिलं. ठीक आहे.

नळी सैल पडली.

मी दार उघडलं तेव्हा खोलीत फक्त ऊन होतं. नाकाची नळी खिळ्याला लटकत होती. तिच्या दोन्ही टोकांवर आतून धुकं धरलेलं होतं, नुकतीच कुणाच्या नाकातून काढल्यासारखं. आजोबांना घराबाहेर पडून तर बराच वेळ झाला होता.

६

काही दिवसांनी आजोबा घरी आले. बारीक झाले होते, पण टॅक्सीतून उतरतानाच त्यांनी टॅक्सीवाल्याला वळण घेताना काय चुकलं ते सांगितलं, तेव्हा आमच्या सगळ्यांच्या जिवात जीव आला.

बाबा मला सांगत होते, "पहिल्या दिवशी फार घाबरवलं गं त्यांनी. आकडा उतरतच चालला होता. सगळे धावले. आणि मग एकदम थांबला. तिथेच. मग चढला. डॉक्टरीणबाईंना वाटलं चिमटाच बिघडलाय, त्यांनी तो टेबलावर आपटून बघितला."

दुपारी आम्ही दोघंच होतो. जावई पुन्हा उसासे टाकत होता. आजोबांनी पलंगावर टेकून मला समोर बसवलं.

"तिकडे पडल्यापडल्या," ते थांबतथांबत म्हणाले, "मला वाटलं, कुणीतरी वर घेतंय. छान वाटत होतं. खोटं कशाला बोलू. कान मोकळे होत होते. आणि मध्येच थांबला." त्यांनी दम घेतला. "बडबड्या मध्ये थांबत नाही कधी. म्हटलं, कुणी सांगितलं याला?"

मी माझ्या पायांकडे बघत बसले.

"लांब ओढ दिलीस?"

मी मान डोलावली.

"हात दाखव." माझ्या तळव्यावर नळीचा वळ अजून होता. त्यांनी त्याच्यावर अंगठा फिरवला, गुंडाळीवर फिरवला होता तसा. "चांगली धरलीस."

"तुम्ही रागावलात?"

"रागावतो कशाला? काम बाकी होतंच की."

"कुठलं?"

"तुझी गुंडाळी. ती चड्डी बघून मी वर जाऊ? लोक काय म्हणतील, शिकवणारा कोण होता."

मी हसले आणि मग मला थांबता येईना, आणि नंतर ते हसू राहिलं नाही. आजोबांनी मला रडू दिलं. त्यांना फार बोलता येत नव्हतं म्हणून असेल, किंवा त्यांना माहीत होतं म्हणून.

"एक लक्षात ठेव," शेवटी ते म्हणाले. "थांब म्हणजे थांब. नको असं नाही. दोरवाला थांबतो, जेवतो, अंगठ्याला दोर बांधून बसतो. पण उठून जात नाही."

"म्हणजे तो आहे अजून?"

"असणारच. त्याचं कामच ते." त्यात आजोबांना काही वाईट वाटत नव्हतं. "आणि पुढच्या वेळी चार ओढी आल्या, तर उत्तर मी देईन. तू मध्ये यायचं नाही. कबूल?"

आमच्या घरात कुणी कबूल विचारलं की कबूल म्हणायची पद्धत आहे.

"बघू," मी म्हणाले.

आजोबा एवढे हसले की मला पळत जाऊन आकडा बघावा लागला.

७

लाल ठिपका आता उंबऱ्यावर असतो. मी रोज सकाळी शाळेत जायच्या आधी बघते. आजोबा न्हाणीघरापर्यंत जातात, आणि परवा बाबांनी खुर्चीसकट उचलून त्यांना गॅलरीत नेलं. वेटोळं संपलं, नळी ताठ झाली, आणि त्यांनी एका दुचाकीवाल्याला नापास केलं. आईने कांदा चिरून गॅलरीत दाखवायला आणला. "असा नाही," आजोबा म्हणाले. आई रडता रडता म्हणाली की कांद्यामुळे आहे.

दुपारी खुर्चीला एक ओढ येते. कधी आजोबांची असते. कधी मी आत डोकावते तर ते गालाखाली हात घेऊन झोपलेले असतात. मी दोन्ही वेळा उत्तर देते. नुसतं ठीक आहे का एवढंच तर विचारतात.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी घरात कुणाला सांगितलेली नाही. मला आठाची गुंडाळी यायला लागली आहे. एका दुपारी ती आपोआप जमली, एक फेरा इकडे, एक तिकडे, मध्ये कंबर, अगदी सपाट. मी ती बघितली आणि लगेच मोडून टाकली. तेव्हापासून मी रोज मन लावून वाकडी गुंडाळी करते. वाकडी करायला सरळपेक्षा जास्त मेहनत लागते. ती नीट कलंडली पाहिजे, मुद्दाम केल्यासारखी वाटता कामा नये.

आजोबा बघतात. "अजून नाहीच का जमत तुला?"

"नाही ना," मी म्हणते.

ते माझ्याकडे जरा जास्त वेळ बघतात. मग म्हणतात, "असू दे. उद्या पुन्हा करू."

काल संध्याकाळी आजोबा गॅलरीत होते आणि आई-बाबा त्यांच्याजवळ होते. मी दिवा लावायला त्यांच्या खोलीत गेले. दुपारी आम्ही सरावाला घेतलेला जुना दोर स्टुलापाशी पडला होता. मी केलेली वाकडी गुंडाळी कुणीतरी उचलून सरळ करून ठेवली होती. सपाट, देखणी, कमरेला शेवटचा वेढा.

मी कुणीकडेही बघितलं नाही. गॅलरीतून आजोबांचं हसणं ऐकू येत होतं. मी पायाने ती गुंडाळी पुन्हा विस्कटली, चांगली विस्कटली, आणि दिवा लावून बाहेर आले.